अकरा चाळीस

रॉयस, पिंपात मका भरताना सांडू नकोस.
सांडलेल्यावर रानडुकरं येतात,
आणि मग हरणं आठवडाभर फिरकत नाहीत.
घड्याळ सहा पन्नासला लाव. चौदा सेकंद पुरेत.
चकती फिरते, दाणे खडकावर तडतडतात,
आणि सीडरच्या झाडीतून माद्या निघतात,
ताटं वाढलीत म्हणून कुणी हाक मारावी तशा.
मागोमाग वर्षा-दोन वर्षांचे नर,
मानेला अजून नुसती मानच म्हणावी असे,
एकमेकांना ढुशा देत.
यांच्यावर गोळी नाही. करारात लिहिलंय.
मी वाचून सही केली. तूही वाच.

म्हातारा येत नाही.
म्हणजे येतो, मक्यापर्यंत येत नाही.
ऐंशी पावलांवर, वारा तोंडावर घेऊन थांबतो.
कोण आलं, कोण गेलं, कुठली मादी माजावर आहे
हे सगळं नाकानं वाचतो
आणि आल्या पावली परत.

व्हर्लिनला हे कळायला एकोणीस वर्षं लागली.
मग तो पिंपाकडे पाठ करून बसायला लागला.
अख्खं लानो हसलं.
मका माद्यांसाठी, तो म्हणायचा, माद्या त्याच्यासाठी,
आणि मी त्या पायवाटेसाठी
जिथून तो माद्यांची चौकशी करतो.

माझ्या वडिलांच्या वेळी पिंप नव्हतं.
मका गाईंना पुरत नसे.
ते सप्टेंबरातच खिशात हात घालून रानभर हिंडायचे,
ज्याची फळं सगळ्यांच्या आधी गळतात
तो एकच ओक शोधत.
साल घासलेली खोडं चाचपायचे.
मनगटाएवढं खोड असेल तर पोरगा.
मांडीएवढं असेल तर
त्या रात्री जेवताना ते बोलत नसत.
उत्तरेचा गार वारा सुटला की आई म्हणायची,
आज त्यांच्यासाठी थांबू नका, वाढून घ्या.

शिंगं मोजू नकोस. शिंगं फसवतात.
पोट बघ. पाठ जराशी खचलेली,
मान थेट छातीत उतरलेली,
पाय आखूड वाटतात,
आणि तोंडावर भाव असा की बँकेच्या पायरीवर
कुणीतरी त्याला उगाच थांबवलंय.

व्हर्लिन गेला त्या नोव्हेंबरात बॅटरी मेली.
पिंप गप्प.
माद्या आणखी आठ दिवस सहा पन्नासला येत होत्या,
रिकामा खडक हुंगत.
मी हसले नाही. मीही दोन कप कॉफी ठेवत होते.

आता जे सांगणार नव्हते ते.
नऊ वाजता तू मचाणावरून उतरतोस.
सगळेच उतरतात.
गाड्यांची दारं वाजतात, बेकनचा वास सुटतो,
कुणीतरी मोठ्यानं हसतं.
अकरा चाळीसला मी कपडे वाळत घालत असते
तेव्हा तो शेडच्या मागून जातो.
डावा कान फाटलेला. घाई नाही.
तुमची दारं वाजली
की त्याचा दिवस सुरू होतो.
तुम्ही पिंपाला घड्याळ लावलंत.
त्यानं तुम्हालाच घड्याळ करून टाकलंय.

उद्या वारा ईशान्येचा आहे.
जेवणाचा डबा बरोबर घे. कागदात काही नको, वाजतं.
शेडच्या पलीकडे, मोडक्या पाणचक्कीच्या सावलीत बस,
आणि भूक लागली तरी उठू नकोस.
दिसला तर पुढचं तुझं तू बघ.
मी काही त्याची कोणी लागत नाही.

फक्त एवढंच, की उद्या माझा धुण्याचा दिवस आहे.
तुझ्यासाठी तो मी बदलणार नाही.
दोरीवर मोठी चादर असेल, पांढरी,
आणि पांढरं काही फडफडलं की काय करायचं
हे त्याला त्याच्या आईनं शिकवलंय.